सोडवायचं राहिलेलं पथ्य

मी हे लिहायला बसलो याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नाही. पत्र आणि अर्ज यांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. आमच्या सरांनी सांगितलं, "कॉलेजच्या अंकासाठी आयुर्वेदाची ओळख करून देणारं काहीतरी लिही. साध्या माणसाला समजेल असं. तू खेड्यातला आहेस, तुला जमेल." मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा वात, पित्त, कफ ही नावं लिहून झाली की हात थांबला. मला आयुर्वेदाची ओळख ज्या वाटेनं झाली ती वाट सोडून दुसरीकडून मला जाता येत नाही, असं दिसतं. तेव्हा जे झालं तेच लिहितो. अंकात घ्यायचं की नाही ते सरांनी ठरवावं. यातली एक गोष्ट सरांनाही हे वाचतानाच पहिल्यांदा कळेल, तिच्याबद्दल त्यांची वेगळी क्षमा मागतो.

आमचं घर जामसंड्यापासून चालत पाऊण तासावर, सड्याच्या म्हणजे कातळाच्या उंच माळाच्या उतारावर आहे. वडील मी सहावीत असताना गेले, आई त्याआधीच. मला वाढवलं ते माझ्या थोरल्या भावानं आणि वहिनीनं. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. तो चिरेखाणीत कामाला होता. ज्यांनी चिरेखाण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सड्यावरचा जांभा दगड टिकावानं खाच पाडून सुटा करायचा, तासून त्याचा चौकोनी चिरा करायचा आणि खांद्यावरून वर आणून रचायचा. खाण जसजशी खोल जाते तसतसा वारा बंद होतो. वरून ऊन आणि चारी बाजूंनी तापलेला लाल दगड. दुपारी दादा घरी येई तेव्हा त्याच्या बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत. हे मी लहानपणापासून रोज बघत होतो. बघत होतो एवढंच.

बारावीनंतर मला घाटावरच्या आयुर्वेद कॉलेजात प्रवेश मिळाला. दादा मला फोंडाघाटापर्यंत सोडायला आला होता. तिथं एसटी बदलायची होती. गाडी सुटताना तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "लोकांची नाडी बघूक शिक. माजी बघू नको, ती चलतासा." आणि हसला.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा कॉलेजात जाऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. मला काय येत होतं? शरीर तीन दोषांवर चालतं, हे येत होतं. दोष सम असतील, भूक नीट लागत असेल, शरीर जे घेतं आणि टाकतं ते वेळच्या वेळी होत असेल आणि मन प्रसन्न असेल, तर तो माणूस स्वस्थ, हे पाठ होतं. नुसता रोग नाही म्हणजे आरोग्य नव्हे, हे मला फार आवडलं होतं. मी ते एसटीत शेजारच्या माणसालाही सांगितलं होतं. शिवाय पुढच्या वर्षाची पुस्तकं मी ग्रंथालयात बसून चोरून वाचत असे. रोगांची प्रकरणं. मला घाई होती.

घरी पोचलो तर शेजारणी ओटीवर जमलेल्या. कुणाची कंबर, कुणाची खाज. मी चार महिन्यांत वैद्य होऊन आलो आहे असं सगळ्यांनी धरलंच होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी ओटीवर बसून एकेकीचं ऐकून घेतलं.

रात्री जेवणं झाल्यावर दादानं पाय पुढे केले. "काय वैद्यानू, ह्या काय आसा बघतास?"

घोट्यावर सूज होती. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. पुस्तकात अगदी असंच लिहिलेलं होतं. मला सूज दिसल्याचं वाईट वाटण्याआधी पुस्तकातलं खरं निघाल्याचा आनंद झाला, हे मला आज कबूल केलं पाहिजे.

मी घरात नेहमी मालवणीतच बोलतो. त्या रात्री मी कचेरीत बोलतात तशी मराठी बोललो.

"मीठ पूर्ण बंद करायचं."

"पूर्ण म्हणजे?"

"अजिबात नाही. मासे नाहीत, सुकी मासळी नाही, लोणचं नाही, दही नाही. मुगाचं कढण, जुन्या तांदळाची पेज. आणि पुनर्नव्याचा, म्हणजे घेटुळीचा काढा, सकाळ-संध्याकाळ."

"पेजेत खडोसुदा नाय?"

"नाही."

वहिनी चुलीपाशी भांडी आवरत होती. तिथूनच ती म्हणाली, "भावोजी, सरळ सांगा ना, तेका जेवकच घालू नको म्हणान. इतक्या फिरवन कित्याक सांगतास?"

"गप गो," दादा म्हणाला. "वैद्य बोलतत." मग माझ्याकडे वळून, "किती दिवस?"

पुस्तकात दिवस दिलेले नव्हते. किंवा दिलेले असतील, मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं. मी म्हणालो, "मी येऊन सोडवेन तेव्हा."

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात गावठी औषध देणारे लोक पथ्य घालतात, आणि ज्यानं पथ्य घातलं त्यानंच ते सोडवायचं असतं. मला लहानपणी कावीळ झाली होती. औषध देणाऱ्या म्हाताऱ्यानं तेल-मीठ बंद केलं. बरा झाल्यावर दादा मला त्याच्या घरी घेऊन गेला. म्हाताऱ्यानं नारळ फोडला, माझ्यासमोर पानावर भात वाढला, त्यावर मीठ घातलं आणि पहिला घास स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात दिला. मग पथ्य सुटलं. त्याआधी आपल्या मनानं खाल्लं तर औषध उलटतं, असं सगळे मानतात. म्हातारा आजारी पडून दोन आठवडे उठला नाही म्हणून एका बाईनं दोन आठवडे जास्त पथ्य केल्याचं मला ठाऊक आहे. मला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तर माझ्या तोंडून "येऊन सोडवेन" असं आलं. त्या म्हाताऱ्यासारखं बोलायला मला आवडलं होतं.

"शिमग्याक येशीत मा?" दादानं विचारलं.

"शिमग्याला येतो."

तीन आठवड्यांनी दादाचं कार्ड आलं. तो चौथीपर्यंत शिकला होता. बोटभर उंचीची अक्षरं काढायचा. पत्रात आम्ही दोघंही पुस्तकी मराठी लिहीत असू. 'सूज उतरली. पाय हलके वाटतात. तुझ्या विद्येचा गुण आला. वाडीतील लोक विचारतात. पथ्य चालू आहे. काळजी नसावी.' ते कार्ड मी खोलीतल्या मुलांना दाखवलं. उशीखाली ठेवलं.

तेव्हाच परत कार्ड टाकून 'आता मीठ घे' म्हटलं असतं तर काम झालं असतं काय, हे मला सांगता येत नाही. तेव्हा ते सुचलंच नाही. सूज उतरली म्हणजे पथ्य बरोबर होतं, आणि बरोबर आहे तर चालू राहू दे, एवढाच हिशेब. थंडीचे दिवस होते, खाणीतही ते निभावून गेलं असावं. वहिनीनं पुढं मला सांगितलं की दादाची पेज ती वेगळ्या टोपात करायची, आणि आपल्या पानात मीठ वाढताना त्याच्याकडे पाठ करून बसायची. एकदा तिनं न सांगता कढणात चिमूटभर घातलं. त्यानं एक घोट घेतला आणि वाटी तशीच खाली ठेवली. त्या दिवशी तो जेवला नाही. त्यानंतर तिनं परत तसं केलं नाही.

शिमग्याला मी गेलो नाही. परीक्षा जवळ आली होती. हे कारण खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. सकाळची गाडी धरली असती तर दुपारी जेवायला घरी पोचलो असतो आणि दुसऱ्या दिवशी परत. आमच्याकडे शिमग्याला आणि गणपतीला माणूस कुठूनही येतो. मी कार्ड टाकलं, 'अभ्यासामुळे येणे होत नाही. मे महिन्यात येईन.' पथ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. खरंच सांगतो, मी विसरलो होतो.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी दादाचं कार्ड आलं. 'तू न आल्याने घर सुने वाटले. अभ्यास कर. ऊन फार आहे. उन्हात थोडी चक्कर येते व रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. बाकी ठीक. पथ्य चालू आहे.'

त्याच दिवशी दुपारी सरांचा तास होता. आता सरांनी सांगितलेली आयुर्वेदाची ओळख लिहितो. या लेखात खरी ओळख एवढीच आहे. सर वर्गात आले आणि त्यांनी विचारलं, "मीठ चांगलं की वाईट?" कुणी म्हणालं चांगलं, कुणी गुण-दोष म्हणून दाखवले. सर म्हणाले, "तुम्ही कुणीच विचारलं नाही, कुणासाठी? तो राहतो कुठं? ऋतू कुठला? करतो काय दिवसभर? अंगात बळ किती? लहानपणापासून काय खात आला?" मग ते म्हणाले की समुद्रकाठच्या माणसाचं शरीर जे खाऊन घडलं ते त्याला मानवलेलं असतं. ते एकाएकी तोडायचं नसतं. एखादी सवय वाईट असली तरी ती पाव-पाव भागानं सोडवायची आणि चांगली गोष्टही पाव-पाव भागानं लावायची. शत्रूला हाकलतात तसं पथ्य घालायचं नसतं. "रोग पुस्तकात असतो," सर म्हणाले, "आपल्यासमोर येतो तो माणूस."

तास संपल्यावर मी सरांच्या मागोमाग गेलो. विचारलं, "सर, समजा एखादा माणूस चिरेखाणीत काम करतो. पायाला सूज आली म्हणून त्याचं मीठ बंद केलं. लघवी वाढवणारा काढाही चालू आहे. पाच महिने झाले."

सर थांबले. "पाच महिने? खाणीत? कुणी दिलं हे पथ्य?"

मी म्हणालो, "गावाकडचा एक वैद्य आहे."

हीच ती गोष्ट. सर, तो वैद्य मी होतो.

सर म्हणाले, "त्या वैद्याला विचारा, त्या माणसाचा घाम त्यानं कधी बघितला होता का. आणि आजच्या आज कळवा त्याला. मीठ सुरू करा म्हणावं. दवाखान्यात दाखवा म्हणावं."

आजच्या आज. मी खोलीवर येऊन कार्ड घेतलं. 'दादा, माझी चूक झाली' एवढं लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. मला वाटलं, हे कार्ड पोस्टमन वाटेत वाचील, चार लोकांना कळेल. मग अंतर्देशीय पत्र आणलं. मग वाटलं, दादाला काय वाटेल? ज्याच्या शिकण्यासाठी तो त्या खाणीत उतरतो, त्यानं शिकलेलं असं निघालं? मधे एक चाचणी परीक्षा आली. असे नऊ-दहा दिवस गेले. शेवटी जे पत्र मी टाकलं त्यात माझ्या चुकीचा उल्लेखही नव्हता. मी वैद्यासारखं लिहिलं. 'तुझी प्रकृती पाहता आता पथ्य सोडण्यास हरकत नाही. मीठ थोडे थोडे वाढवीत न्यावे. काढा बंद करावा. उन्हात जपून काम करावे. सवडीने दवाखान्यात दाखवावे.' पेटीत टाकल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी मी मित्रांबरोबर फिरायला गेलो.

पाडव्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, तार आली. भाऊ गंभीर, ताबडतोब निघा. पहाटेची गाडी धरली. घाट उतरताना मी सारखा मनाशी म्हणत होतो की गंभीर म्हणजे आजारी, गंभीर म्हणजे अजून आहे. दुपारी घराजवळ आलो तेव्हा वाटेवर माणसं परत येताना भेटली. सगळ्यांचे केस ओले होते. मला थांबवून कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

झालं ते असं. आदल्या दिवशी दुपारी दादा खाणीत चिरा उचलायला वाकला आणि तिथंच बसला. बरोबरचे म्हणाले, जरा सावलीत बस. तो उठला नाही. अंगाला झटके यायला लागले. चिऱ्यांच्या ट्रकमधून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उन्हाचा तडाखा म्हणून सांगितलं. रात्री तो गेला. वहिनीला डॉक्टरांनी विचारलं होतं, हे काय खातात? ती म्हणाली, मिठाशिवायची पेज. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मिठाशिवाय? का? वहिनी म्हणाली, पथ्य होता. कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट लोक मला धीर देत होते. अकराव्या दिवशी एक म्हातारा मला म्हणाला, "तू इतक्या केलंस तेच्यासाठी. सूज उतरवलंस. वेळ इली तेका कोण काय करतलो?" मी मान हलवली.

पण मी एक काम करत होतो. कुणी बघत नाही असं पाहून मी ते अंतर्देशीय पत्र शोधत होतो. देवाच्या फळीवर, ट्रंकेत, दादाच्या कपड्यांच्या घडीत. माझी सगळी कार्डं एका सुतळीत बांधून ठेवलेली सापडली. ते पत्र नव्हतं. वहिनीला वाचता येत नाही, पण पत्र आलेलं तिला कळतं. मी आडून विचारलं, पाडव्याच्या सुमाराला माझं पत्र आलं होतं काय? ती म्हणाली, "नाय. शिमग्याच्या कार्डानंतर तुमचा कायच नाय इला."

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. पत्र पोचलंच नव्हतं. कुठंतरी गहाळ झालं असेल. म्हणजे मी उशीर केला, पण मी कळवलं होतं. पुढचं माझ्या हातात नव्हतं. या एका गोष्टीला धरून मी परत कॉलेजात गेलो, परीक्षा दिली, पुढच्या वर्षात गेलो. रुग्णालयात रोगी तपासायला शिकलो. आता मी कुणालाही आधी कामाबद्दल विचारतो. बाकीची मुलं हसतात, म्हणतात हा नाडीच्या आधी धंदा विचारतो. वहिनी आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला जाते आणि एरवी दुसऱ्यांच्या शेतावर. मी सुट्टीत गेलो की माझ्या आवडीची बांगड्याची आमटी करते. मी पानात काही उरू देत नाही.

पोस्टमनला विचारायचं मी टाळलं. अडीच वर्षं टाळलं. पोस्टमन आमच्याच बाजूचा, तीस वर्षं त्याच वाटेनं फिरलेला. तो लांबून दिसला तरी मी दुसऱ्या वाटेनं जात असे.

गेल्या गणपतीत मी परत निघालो होतो. जामसंड्याला एसटीची वाट बघत उभा होतो तर तो शेजारी येऊन उभा राहिला. आता निवृत्त झाला आहे. खांद्यावर पिशवी नव्हती म्हणून मी आधी ओळखलंच नाही.

"वैद्य झालस मा रे?"

"अजून शेवटचा वर्ष आसा."

"बरा, बरा. तुजो भाव बघूक होयो होतो." तो तंबाखू मळत म्हणाला, "तुजा शेवटचा पत्र मीच दिलंय तेका. अंतर्देशीय. तो खाणीच्या वाटेर भेटलो, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी एसटीच्या वाटेकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मी ऐकतो आहे, म्हणून तो सांगत राहिला.

"तो माका म्हणालो, तूच वाचून दाखय, माजे हात मातयेचे आसत. मी वाचलंय. म्हटलंय, अरे सुटला तुजा पथ्य! आज बांगडे इलेहत बाजारात, घेवन जा. तर हसाक लागलो. म्हणता, पथ्य कागदार सुटता काय? ज्येना घातल्यान तेना येवन सोडवक होया. मे म्हयन्यात येतलो तो. इतके दिवस काढलंय, आता एका म्हयन्यासाठी कित्याक मोडू? मगे माका इचारल्यान, घाईचा काय लिवलेला आसा काय? मी परत वाचलंय सगळा. घाईचा काय नव्हता. पत्र खिशात घातल्यान आणि माका म्हणालो, घराकडे बोलू नको हां, ती आजच पेजेत मीठ घालतली."

तो हसला. त्याला दादाच्या स्वभावाचं कौतुक वाटत होतं. मला म्हणाला, "तुज्यार लय इश्वास तेचो."

माझी गाडी आली. त्यानं माझी बॅग वर चढवून दिली.

पत्र पोचलं होतं. दादानं ते दोनदा ऐकलं होतं. त्यानंतर तो अकरा दिवस खाणीत गेला.